हात मागे

आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात, कारण मी बहिरी आहे. अगदी ठार नाही, पण माझ्याशी गुपित बोलायचं असेल तर आधी खिडक्या लावून घ्याव्या लागतात. सुनेला पहिल्या वर्षी वाटायचं की या घरात सतत भांडणं चालतात. नंतर तीही आमच्यासारखीच ओरडायला लागली.

ऐन उमेदीची सगळी वर्षं मी कापडाच्या गिरणीत माग चालवले. एका छताखाली शेकडो माग खडाखडा चालत असतात, तिथं आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. मग आम्ही बायका हातांनी बोलायचो. अंगठा ओठाला लावला की पाणी. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. गालावर हलकी चापट मारली की मुकादम येतोय, कारण आमच्या पहिल्या मुकादमाचे गाल लोंबायचे. तो गेला, त्याच्या जागी गालफडं बसलेला दुसरा आला, तरी खूण तीच राहिली. सासूच्या कागाळ्या, नवऱ्याचे पराक्रम, सगळं हातांनीच चालायचं. सुट्टीची घंटा व्हायच्या आत कुणाच्या घरात काय शिजतंय आणि काय करपतंय हे अख्ख्या खात्याला कळलेलं असायचं.

एक खूण मात्र वेगळी होती. हात डोक्याच्या वर न्यायचा आणि पंजा उघडायचा, मिटायचा, उघडायचा, मिटायचा. कुणाला तरी लागलंय. ही खूण दिसली की काय झालं, कुणाला झालं असलं काही विचारायचं नाही. आधी आपला माग बंद करायचा, मग आपला हात वर करायचा, म्हणजे पुढचीला दिसतं. बघता बघता सगळं खातं गप्प व्हायचं. ती खूण चेष्टेत करणारीला आम्हीच सरळ करायचो.

हे सगळं सांगायचं कारण माझा नातू. त्याला मी मुंगळा म्हणते. पाळण्यातलं नाव चांगलं भारदस्त आहे, पण त्या नावाला तो वळून बघत नाही. मान धरली उशिरा, बसला उशिरा, चालायला लागला तेव्हा त्याच्या वयाची पोरं जिने उतरत होती. पण एकदा काही धरलं की सोडणार नाही. चमचा असो, माझा कान असो, नाहीतर एखादी सवय. डॉक्टरांनी कान तपासले, डोळे तपासले, डोकं मापलं आणि म्हणाले, उशीर आहे. उशीर! जणू गाडी कुठंतरी अडकली आहे आणि येईलच थोड्या वेळात. आम्हीही तसेच फलाटावर बसल्यासारखे बसून राहिलो. तीन वर्षं पूर्ण झाली तरी तोंडातून एक शब्द नव्हता.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, सून औषधांच्या दुकानात काउंटरला असते. दिवसभर मुंगळा माझ्याकडे. त्याच्याशी मी तोंडानं बोलायचे आणि सवयीनं हातही चालायचे. एका सकाळी त्यानं माझ्याकडे बघितलं आणि अंगठा ओठाला लावला. मला वाटलं, चोखतोय. त्यानं काढला आणि पुन्हा लावला. मी पेलाभर पाणी दिलं, तो घटाघटा प्यायला आणि मी तिथंच खाली बसून रडले.

मग काय, सुरूच झालं. बिस्कीट मोडलं की दोन बोटांची कात्री. माझ्या चपलेचा पट्टा तुटला, कात्री. संध्याकाळी दारात बापाची चाहूल लागली की स्वतःच्या गालावर चापट, मुकादम येतोय! सुनेला मी अर्थ सांगितला तेव्हा ती पोट धरून हसली. मुलगा हसला नाही. पण तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

आणि एकदा मी दूध तापवत होते. मागं वळून बघते तर पोराचा पाय पलंगाच्या कठड्यात गुडघ्यापर्यंत अडकलेला. तोंड वाकडं, आवाज नाही. हात डोक्याच्या वर, पंजा उघडतोय, मिटतोय. ती खूण मी त्याला मुद्दाम शिकवली नव्हती. कधीतरी मी धडपडले असेन, हात वर गेला असेल, त्यानं ते धरून ठेवलं असेल. मी धावले आणि पाय सोडवला. दूध उतू जाऊन शेगडीभर झालं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी मेले तरी या पोराचं काही अडणार नाही.

शाळेचं खूळ मुलाच्या डोक्यातलं. खूळ म्हणते, पण त्याचं चूक नव्हतं. घरात म्हाताऱ्या बाईबरोबर किती दिवस ठेवणार? दोन शाळांनी नाही म्हटलं होतं, एकीनं तर दारातूनच. तिसरी गल्लीच्या टोकाला, छोटी, भिंतींवर बदकं काढलेली. तिथल्या बाईंनी आम्हाला आत बसवलं, मुंगळ्याला खेळायला ठोकळे दिले. त्यानं बाईंकडे नीट बघितलं आणि गालावर चापट मारली. मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत.

"हे काय करतो तो?"

मी सांगायला लागले, तर मुलगा मध्येच म्हणाला, "काही नाही, सवय आहे."

बाई वाईट नव्हत्या हो. एकटी बाई, मदतीला एक मावशी आणि पायात घोटाळणारी पोरंच पोरं. त्या म्हणाल्या, "हातानं सगळं मिळतं म्हटल्यावर तो तोंड उघडेल कशाला? आधी हे हातवारे बंद करा. इथं बाकीची मुलं लगेच नक्कल करतात. मी घेते त्याला, महिनाभर बघू. पण सांगितल्यावर हात मागे घेऊन रांगेत उभं राहता आलं पाहिजे. तेवढं जमलं नाही तर मला नाही सांभाळता येणार."

परत येताना मुलगा गल्लीतच थांबला आणि माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, "आई, मला लहानपणी पोरं मुकीचा म्हणायची. तू मुकी नव्हतीस, तरी. तू रस्त्यात मला हातानं बोलवायचीस आणि ती माझ्यामागं हात नाचवत यायची. याला तर खरंच मुका म्हणतील."

हे मला त्यानं तोवर कधी सांगितलं नव्हतं. रस्त्यातली चार माणसं वळून बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू. 'हात मागे' म्हटलं की हात पाठीमागं न्यायचे, एकमेकांत धरायचे आणि समोर बघायचं. केलं की शाब्बास आणि बिस्किटाचा तुकडा. सून त्याच्या मागं बसून त्याचे हात धरायची, मुलगा समोरून म्हणायचा. अंगठा ओठाकडे गेला की पाणी नाही. आधी हात मागे, मग तोंडानं काहीतरी, मग पाणी. पोरगं पहिले काही दिवस रडून रडून बेजार झालं. अंगठा लावायचं, आमच्याकडे बघायचं, पुन्हा लावायचं. आम्ही तिघं आंधळे झालो आहोत असंच त्याला वाटलं असणार.

मग माझी पाळी आली.

"आई, तुमचे हात हलले की त्याचे हलतात," सून म्हणाली. "तुम्ही आधी बंद करा."

"माझे हात मी काय कापून ठेवू?"

"आई, जागा गेली ना तर चौथी शाळा नाहीये," मुलगा म्हणाला. "तू गेल्यावर तुझ्या खुणा कुणाला कळणार आहेत? जगात तो कुणाशी बोलणार, सांग ना."

आमची गिरणी बंद पडली. माझ्याबरोबरच्या बायका कुठं कुठं पांगल्या, कित्येक गेल्या. माझ्या जिभेपेक्षा माझे हात जास्त बोललेत, आणि ती भाषा आता या जगात मी आणि एक पोर एवढ्यांनाच उरली होती. मी हात मांड्यांखाली घेऊन बसायला लागले.

फक्त एक मागितलं. "ती एक खूण तरी राहू द्या. लागल्याची."

"आई, लागलं की मूल रडतं," मुलगा म्हणाला. "रडायला खूण कशाला लागते?"

बोलणं बिनतोड होतं. कुठल्याही पोराबद्दल ते खरंच आहे.

आणि एक दिवस, हात मागे, मान वर, मुंगळ्यानं ओठ मिटले आणि फुटल्यासारखा आवाज काढला, "प." मला तो ऐकू आला नाही, पण ओठ दिसले. सुनेनं किंचाळून त्याला उचललं, मुलगा पेला भरायला धावला आणि पाणी सांडत आला. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. तो म्हणत राहिला आणि पाणी पीत राहिला, पोट टम्म होईस्तोवर. खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला. शेजारच्या दारावर थाप मारून सांगून आले मी. दोन घरं पलीकडेही ऐकू गेलं असणार.

पण त्या संध्याकाळी बाप दारात आला तेव्हा पोरानं गालावर चापट मारली नाही. हात मागे घेऊन उभा राहिला, बिस्किटासाठी. कात्रीही गेली. मोडलेलं बिस्कीट हातात दिलं तर तो नुसता बघायचा आणि खायचा.

शाळा सुरू झाली. फाटकात रोज आकांत. मावशी त्याला कडेवर घेऊन आत जायची, त्याचा आवाज मला ऐकू येत नसला तरी पाय झाडणं दिसायचं. बाई म्हणायच्या, "सगळीच रडतात, आजी. तुम्ही जा, तुम्हाला बघून जास्त रडतो." मग हळूहळू पाय झाडणं कमी झालं. मावशीनं सांगितलं, रडायला लागला की फक्त 'हात मागे' म्हणायचं, लगेच गप्प होतो, जादूच आहे. बाईंनी त्याच्या शर्टावर कागदाची चांदणी चिकटवायला सुरुवात केली. शहाणं मूल असलं की चांदणी. सुनेनं त्या सगळ्या चांदण्या कपाटाच्या दारावर ओळीनं लावल्या. महिना संपत आला होता. मुलगा कामावर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून शीळ घालत होता म्हणे, त्याच्या जोडीदारानं सांगितलं. इतक्या वर्षांत त्यानं कधी शीळ घातलेली कुणाला माहीत नव्हती.

एक दिवस मी नेहमीसारखी मुंगळ्याला आणायला गेले. रोज मावशी त्याला फाटकापर्यंत आणून सोडायची. आज बाईंनी मला आत बोलावलं, खुशीत होत्या.

"आज तर कमालच केली त्यानं. जेवायच्या सुट्टीत थोडं रडला, नंतर जो उभा राहिला तो हलला नाही. बसही म्हटलं, बसला नाही. राहू दे म्हटलं, उभा तर उभा."

मुंगळा मागच्या भिंतीला पाठ टेकून उभा होता. हात मागे. शर्टावर चांदणी. चेहरा चुन्यासारखा पांढरा, ओठही पांढरे. मी हात पसरले. एरवी तो दोन्ही हात पुढं करून कोसळतो माझ्या अंगावर. आज तो आला, पण हात पुढं केले नाहीत. डोकं माझ्या पोटाला टेकवलं आणि हात मागेच.

मी वाकून बघितलं. भिंतीवरच्या बदकाच्या पोटावर तपकिरी डाग होता. शर्टाची मागची बाजू कमरेपासून खाली भिजून वाळली होती. डाव्या मुठीत त्यानं उजव्या हाताचं पहिलं बोट गच्च धरलं होतं. आमचा मुंगळा, धरलेलं सोडतो होय! म्हणून रक्त जमिनीवर फारसं पडलंच नव्हतं. मी ती मूठ सोडवली. बोटाचं टोक नखासकट चेचून लोंबत होतं.

माझा हात आपोआप डोक्याच्या वर गेला. पंजा उघडला, मिटला, उघडला, मिटला. खोलीभर पोरं होती, त्यांना न्यायला आलेल्या आया होत्या. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या, म्हातारीला काय झालं म्हणून. एकीनंही हातातलं काम थांबवलं नाही. एका पोरीनं माझ्याकडे बघून हात वर केला आणि पंजा उघडमीट करायला लागली. मग दुसऱ्यानं केला, मग सगळ्याच पोरांनी. हसत हसत, रांगेत. तेव्हा कुठं मला तोंडानं ओरडायचं सुचलं.

दवाखान्यात जाताना मावशी रिक्षात माझ्या शेजारी बसली होती. रडत होती आणि सांगत होती, आणि मला ऐकू येत नाही म्हणून बिचारीला स्वतःची चूक ओरडून सांगावी लागत होती. हात धुवायच्या खोलीचं दार लोखंडी आहे. एका पोरानं ते ढकललं तेव्हा मुंगळ्याचं बोट बिजागरीच्या फटीत होतं. पोरगं किंचाळलं. मावशी धावत गेली. तोवर दार पुन्हा उघडलं होतं, बोट बाहेर आलं होतं, तिला काही दिसलं नाही.

"त्यानं डावा हात डोक्यावर नेला हो आजी, उजवा पाठीशी होता. असा असा करत होता. मला वाटलं, बाई सांगतात तेच हातवारे. मी तो हात खाली केला. म्हटलं, हात मागे, शाब्बास. लगेच गप्प झाला हो. लगेच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती ओतायची कुणावर? आमच्या घरात शिकवलेलेच दोन शब्द तिनं म्हटले होते, आमच्याच सुरात. शाब्बासही आमचंच. मी पोराला घट्ट धरून बसले. तो हात मागे न्यायला बघत होता आणि मी त्याला नेऊ देत नव्हते. त्याला वाटलं असेल, आजी शाळेचं शिकवलेलं विसरली.

डॉक्टरांनी टोक काढून टाकलं. म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर जोडून बघता आलं असतं. मुलगा आणि सून तोवर पोचले होते, मुलाच्या अंगावर वंगणाचे डाग, हातात पान्हा तसाच. डॉक्टरांनी विचारलं, "इतका वेळ हा रडला नाही?" सून म्हणाली, "रडला. मग थांबला."

बाई घरी येऊन गेल्या. खूप रडल्या. त्याची जागा कायमची राहील, महिन्याची अट नाही, म्हणाल्या. जागा मिळाली एकदाची. आम्ही त्यांना चहा विचारला, त्या नको म्हणाल्या.

पट्टी बांधलेलं बोट घेऊन मुंगळा घरात फिरतो. दुखत असणार, कारण मधूनच थांबतो आणि अंग चोरतो. पण सांगत नाही. मी अंगठा ओठाला लावून बघितला, कात्री करून बघितली. तो माझ्या हाताकडे फिरत्या पंख्याकडे बघावं तसा बघतो. पाणी हवं असलं की 'प' म्हणतो. दुखण्याला त्याच्याकडे काहीच नाही.

काल मुलगा कामावरून आला आणि दारातच थांबला. चपला न काढता मुंगळ्यापुढं उकिडवा बसला आणि स्वतःच्या गालावर चापट मारली. पुन्हा मारली. मग अंगठा ओठाला. मग कात्री. मग छातीवर मूठ, म्हणजे माझ्या मागाकडे बघ, मी येतेच, ही तर मी मुंगळ्यापुढं कधी केलीही नव्हती. पोरवयात गिरणीच्या फाटकाशी माझी वाट बघत उभा असायचा, तेव्हा बघितलेलं सगळं त्याच्या हातात जसंच्या तसं होतं. एकामागून एक खुणा करत गेला तो. मला वाटत होतं, लाजेनं त्यानं सगळं विसरून टाकलंय.

शेवटी त्यानं हात डोक्याच्या वर नेला. पंजा उघडला, मिटला, उघडला, मिटला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुसत नव्हता.

ही खूण दिसली की विचारायचं नाही. मी हातातली भाजी खाली ठेवली आणि माझा हात वर केला. सुनेनं गिरणी कधी बघितली नव्हती, पण आमच्याकडे बघून तिनंही केला. तिघं तसेच राहिलो, पंजे उघडत आणि मिटत.

मुंगळ्यानं आमच्याकडे एकेक करून बघितलं. मग त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले, पट्टीचं बोट दुसऱ्या मुठीत गच्च धरलं, मान वर केली आणि बिस्किटासाठी तोंड उघडून शाब्बासची वाट बघत उभा राहिला.